रेघमास्तर आणि वन्संचं दार

रेघमास्तर,

तुमच्या जावयाचं छापील पत्र मिळालं. ‘आमचे ज्येष्ठ सहकारी निवृत्त होत आहेत. त्यांच्याविषयी एक छोटी पुस्तिका काढत आहोत. निवडक ग्राहकांनी दोन शब्द लिहून पाठवावेत. मर्यादा अर्धं पान. गोड आठवणींना प्राधान्य.’ माझं म्हणणं अर्ध्या पानात मावत नाही हे त्या गृहस्थाला एकदा चांगलंच कळलेलं आहे. तरी त्याने मला पत्र पाठवलं म्हणजे माणूस धीट आहे, किंवा विसरभोळा. गोडाचं म्हणाल तर मी खरं लिहिणार, ते कुणाला गोड लागलं तर माझी हरकत नाही.

यातलं सगळं तुम्हाला माहीत आहे. पण पुस्तिका चार लोक वाचणार, म्हणून तुमची गोष्ट तुम्हालाच सांगावी लागते आहे. निमूट ऐका. निमूट बसणं तुम्हाला जमत नाही, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

आमच्या घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा आहे. यजमानांनी हौसेने घातलेला, सायीच्या रंगाचा. ज्या पुरुषाने जन्मात कधी केरसुणी हातात धरली नाही, तोच असला रंग निवडू शकतो. यजमान गेले. गालिचा राहिला, मी राहिले आणि वन्सं राहिल्या. वन्सं म्हणजे यजमानांची थोरली बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. शाळेत शिवणकाम शिकवायच्या. लग्न केलं नाही. का, तर ‘शिवण सरळ आहे असा एकही पुरुष दिसला नाही.’ बोळाच्या टोकाची खोली त्यांची. तिचं दार कायम लावलेलं, आणि खोलीतली खिडकी कायम उघडी, कारण त्यांना मोकळी हवा लागते.

यजमान गेल्यावर वर्ष-दोन वर्षांत भिंतींच्या कडेकडेने गालिच्यावर काळी रेघ दिसायला लागली. पट्टी लावून पेन्सिलीने आखल्यासारखी. वन्संच्या दाराखाली तर ती चांगली बोटभर रुंद, डोळ्यांत घालावं इतकं काजळ.

“पदवीधरांचा हात कोपऱ्यापर्यंत पोचत नाही वाटतं,” वन्सं म्हणायच्या. मी पदार्थविज्ञानाची पदवी घेतली आहे, हे त्यांनी पन्नास वर्षांत मला माफ केलेलं नाही.

“सगळ्यांत जाड रेघ तुमच्या दाराशी आहे,” मी म्हणायची. “तुमच्याच पायांची घाण असणार.”

“मी बाहेर येतेच कुठे?” असं म्हणून त्या दार लावून घ्यायच्या. दार लावलं की मी रेडिओ मोठा करायची. रेडिओ मोठा झाला की त्या आतून कडी घालायच्या. आधी काय झालं, रेडिओ की दार, यावर आमचं आजही एकमत नाही.

रेघेवर मी काय नाही केलं? साबण घासला, सोडा घासला, व्हिनेगर घातलं, कपडे धुण्याच्या ब्रशने खांदा निखळेपर्यंत खरडलं. रेघ तशीच राहिली, फक्त तिच्या दोन्ही बाजूंनी पिवळे डाग आले. शेवटी यजमानांच्या ऑफिसातल्या दोन बायका भेटायला यायच्या होत्या, त्या दिवशी मी एक उद्योग केला. तो काय, ते पुढे येईलच. लपवून उपयोग नाही, तुम्ही तो सगळ्यांदेखत उघड केलात.

मग मी तुमच्या कंपनीला फोन केला आणि तुम्ही आलात.

बुटका माणूस, भुवया म्हणजे दोन जाडे ब्रश, गुडघ्यांना जुन्या रबरी चपला कापून शिवलेल्या गाद्या बांधलेल्या. मागून पाणी ओढणाऱ्या यंत्राचं ते धूड, लांब सोंडेचं. त्याला तुम्ही ‘हत्ती’ म्हणता आणि दारातून आत घेताना “सांभाळ रे, डोकं” असं सांगता, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी आत येताना तुम्ही हत्तीशीसुद्धा बोलला नाहीत. का, ते मला माहीत नव्हतं. वाचणाऱ्यांना मी आत्ताच सांगून टाकते, म्हणजे त्यांना तुमची खरी दया येईल.

तुम्ही सतराव्या वर्षापासून जमिनीवर आहात. आधी एकोणतीस वर्षं गालिचे अंथरायचं काम केलंत, तेही गुडघ्याने धक्के देदेऊन, कारण गालिचा तसाच ताणतात. पुढे मुलीने आणि जावयाने गालिचे साफ करायची कंपनी काढली, तेव्हा तिथे आलात. गालिच्यातलं तुम्हाला कळतं तेवढं या गावात कुणाला कळत नाही. अडचण एकच. कळलेलं तुमच्या पोटात राहत नाही. त्या महिन्यात तुम्ही तीन गिऱ्हाइकं घालवली होती. एका डॉक्टरीणबाईंना सांगितलंत, “रेघ तुमच्या त्या सुवासिक मेणबत्त्यांच्या काजळीची आहे, सोडा तो नाद.” एका घरी बायकोसमोर नवऱ्याला म्हणालात, “या अडगळीच्या खोलीत बसून कोण सिगरेट ओढतं हो?” तिसरं घर तर जावयाच्या जिवलग मित्राचं. तिथे कड उचलून बघितलीत आणि म्हणालात, “हा गालिचा कुणी घातला? अगदी वाईट घातलाय.” मग जरा वेळाने, “अरेच्चा, मीच घातला होता.”

तेव्हा जावईबापूंनी शेवटचं सांगितलं होतं, “मामा, आता एकच घर. तोंड उघडायचं नाही. फॉर्मवर समाधानाची सही आणायची. नाही आणलीत तर सोमवारपासून ऑफिसात बसून फोन घ्यायचे.” ते एक घर माझं. जन्मभर जमिनीवर रांगलेल्या माणसाला खुर्ची म्हणजे शिक्षाच. ती टाळण्यासाठी तुम्ही त्या दिवशी ओठ शिवून माझ्या दारात उभे होतात, आणि मला वाटलं, कंपनीने मुका माणूस पाठवला.

“निघेल का हो ही रेघ?” मी विचारलं.

“हं.”

“पूर्ण?”

तुम्ही खोकलात.

“खोकला कळला. पूर्ण निघेल की नाही?”

तुम्ही हत्तीची नळी जोडायला लागलात. कान लाल झालेले.

आतून वन्सं म्हणाल्या, “शिकलेल्या बाईपुढे बोलायची छाती होत नसेल त्याची.”

तुम्ही ओणवे झालात, बैठकीच्या खोलीतून रेघेला बोट लावत लावत बोळाच्या टोकापर्यंत गेलात. वन्संच्या दारापाशी थांबलात. बोट नाकाशी नेलंत. पुन्हा लावलंत, पुन्हा हुंगलंत. तुमचा चेहरा असा झाला, जसा शिंक दाबणाऱ्या माणसाचा होतो. मला वाटतं तुम्ही मनातल्या मनात जावयाचं नाव घेत होतात. पण नाहीच राहवलं.

“बाई,” तुम्ही म्हणालात, “इथे बुटांचं पांढरं पॉलिश कुणी लावलंय?”

तर तो माझा उद्योग. पाहुण्या बायका दारात उभ्या होत्या आणि मी रेघेवर पांढरं पॉलिश फासत होते. तीस वर्षं वजनमापांच्या खात्यात दुकानदारांचे तराजू तपासलेली बाई मी, आणि घरात हा घोटाळा. बंद दाराआडून असा आवाज आला की मी घाबरले. मला वाटलं वन्संना ठसका लागला. त्या हसत होत्या. यजमान गेल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता.

एकदा झाकण उडालं म्हटल्यावर तुम्ही कशाला थांबताय! आल्यापासून साठलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. “बाई, तुम्ही सोडा घातलात, ब्रशने घासलंत, गरम पाणीसुद्धा ओतलंत. रेघेला खाऊपिऊ घातलंत तुम्ही! ही घाण पायांची नाही. पायांची घाण वाटेवर असते. भिंतीच्या अगदी कडेला तुम्ही कधी चालता? मांजर तरी चालतं का?”

“मग कशाची?”

तुम्ही खिशातून पातळ कागदाची एक पट्टी काढलीत. बुटांच्या खोक्यात बुटांभोवती गुंडाळतात तो कागद, बोटभर रुंद. ती भिंतीच्या तळाशी, लाकडी पट्टी आणि गालिचा यांच्यामधल्या फटीजवळ धरलीत. कागद आपसूक खोलीच्या बाजूला कलला. तुम्ही हात हलवला नव्हता. मी नीट बघत होते, खात्यातली सवय. मग ती पट्टी वन्संच्या दाराखाली धरलीत. ती माझ्याकडे सरळ आडवी ताठ झाली. शाळेच्या पटांगणावर झेंडा फडकावा तशी फडफडायला लागली.

“ही हवा,” तुम्ही म्हणालात. “आत खिडकी उघडी आहे. स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा चालू आहे. तो सगळ्या घरातली हवा खेचतो. आता आतल्या हवेने यायचं कुठून? दार बंद. मग ती दाराखालून घुसते, गालिच्यातून गाळून निघते. बाहेरच्या मोटारींचा धूर, रस्त्यावरची काजळी, सगळं या एवढ्याशा जागेत अडकतं. चहाची गाळणी असते ना, तशी. गाळणीत चोथा राहिला म्हणून तुम्ही पिणाऱ्याला दोष देता का?”

हवेचा दाब आणि फट यांवर मी परीक्षेत दीड पान लिहून आले होते, आणि अकरा वर्षं माझ्याच घरात त्या दीड पानावर पाय देऊन चालत होते.

“म्हणजे माझा हात कोपऱ्यात पोचत होता,” मी म्हटलं, वन्संना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

“पोचत होता, नको तितका,” तुम्ही म्हणालात. “आणि यांच्या पायांचाही दोष नाही. ही बंद दाराची रेघ आहे. किती वर्षं बंद असतं हे?”

“अकरा,” मी म्हटलं.

“नऊ,” आतून आवाज आला.

“अकरा!”

“पहिली दोन वर्षं मी नुसतं लोटून घेत होते. कडी नव्हते घालत.”

तुम्ही रेघेवर नख फिरवून बघितलंत. “दहा धरा,” म्हणालात. न्यायाधीश असता तर छान शोभला असता.

मग कामाला लागलात. ते मला आवडलं, हे इथे लिहून ठेवते. आधी अरुंद तोंडाच्या नळीने कोरडी धूळ ओढून घेतलीत. “आधी पाणी घातलं की संपलं, चिखल होऊन बसतो.” मग काजळीचा तेलकटपणा सोडवणारं औषध कापसाने टिपून लावलंत आणि बसून राहिलात. मी म्हटलं घासा की, तर म्हणालात, “घासायची घाई झालेली दिसतेय तुमच्या घरात. औषधाला वेळ द्या.” मग मऊ दातांचा लहान ब्रश, पांढरं फडकं, पुन्हा औषध. इंचाइंचाने. तीन तास तुम्ही गुडघ्यांवर होतात, आणि तोंडाची टकळी चालूच. आम्हाला कळलं की तुमच्या घरी गालिचा नाही, नुसती फरशी आहे, कारण तुमच्या मंडळींनी सांगून ठेवलंय, “घरात गालिचा आला की हे माझ्याकडे बघायचे नाहीत.” नात्यातल्या एका लग्नात सगळे जेवायला बसले, तरी तुम्ही हॉलच्या कडेला ओणवे होऊन गालिच्याची कड उचलत होतात आणि नवऱ्यामुलाच्या आईला वाटलं, कुणाची अंगठी हरवली. तिनेही शोधायला सुरुवात केली, तिचं बघून आणखी सहाजणींनी. हे ऐकताना दाराआड वन्संची खुर्ची दाराच्या जवळ सरकल्याचं मी ऐकलं.

बैठकीच्या खोलीतली रेघ जवळपास गेली. वन्संच्या दाराखालची काजळाची राखाडी झाली.

“बस,” तुम्ही म्हणालात. “याहून जास्त जाणार नाही. जाईल असं जो म्हणेल तो गालिचा फाडून ठेवेल. आणि दार असंच राहिलं तर वर्षभरात पुन्हा काळी होईल.”

“मग काय करायचं?”

“दार उघडं ठेवायचं.”

“आणि हिचा रेडिओ?” आतून.

तुम्ही डोकं खाजवलंत. “दुसरा उपाय म्हणजे, दार खालून अर्धं बोट रंध्याने तासायचं. फट मोठी झाली की हवा वरच्यावर निघून जाईल, गालिच्यात शिरणार नाही. मग खुशाल लावून बसा. माझ्याकडे सुतारी रंधा आहे घरी. येत्या सुट्टीला येऊन करून देतो. हे कंपनीचं काम नाही, माझं.”

तेव्हा ते दार उघडलं. वन्संनी आधी तुमच्याकडे बघितलं, मग खाली रेघेकडे, मग माझ्याकडे. “येत्या सुट्टीला नक्की?”

“नक्की. तोपर्यंत चार बोटं उघडं ठेवा.”

“चार म्हणजे कुणाची? तुमची की माझी?” वन्सं म्हणाल्या. शिवणवाली बाई, माप पक्कं लागतं. तुम्ही तुमची जाडजूड बोटं दाराच्या फटीत धरून दाखवलीत. वन्संनी अडगळीतून एक वीट आणली आणि दाराला लावली. दुसऱ्या दिवशी त्या विटेला कडेने गोट लावलेला कापडी अभ्रा शिवून घातलेला होता.

आता माझ्या चुकीकडे येते. तुम्ही खिशातून तो फॉर्म काढलात. पहिला प्रश्न, कर्मचारी वेळेवर आला का? हो. दुसरा प्रश्न, रेघ पूर्णपणे गेली का? हो किंवा नाही. मास्तर, मी तीस वर्षं लोकांना हेच सांगत आले की जवळपास एक किलो म्हणजे एक किलो नव्हे. मी ‘नाही’वर खूण केली. त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनातही आलं नाही, कारण मागच्या बाजूला, आणि पुरलं नाही म्हणून आणखी तीन कागद जोडून, मी तुमचं असं वर्णन लिहिलं की तुमच्या आईने वाचलं असतं तर तिला खरं वाटलं नसतं. तुम्ही पुढचं पान बघितलंत. घडी घातलीत. “बरोबर लिहिलंत, बाई,” म्हणालात आणि हत्तीला घेऊन निघालात. दारात त्याला म्हणालात, “चल रे. बघितलंस ना, डोकं सांभाळायला सांगतो ते उगाच नाही.” ते मला अजिबात कळलं नाही.

कळलं पुढच्या आठवड्यात. सुट्टी उलटून गेली, रंधा आला नाही, म्हणून मी कंपनीत फोन लावला. पलीकडून आवाज आला, “नमस्कार, रेघ पूर्ण जाणार नाही, बोला.”

“मास्तर? तुम्ही फोनवर काय करताय?”

“बसलोय,” तुम्ही म्हणालात. इतका केविलवाणा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता. खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं, तीन गिऱ्हाइकं, शेवटचं घर, फॉर्म. आणि वर म्हणालात, “तुमचं चुकलं नाही हो. नाही म्हणजे नाहीच.”

चुकलं नाही कसं? मी फोन ठेवला आणि चप्पल पायात घातली.

“कुठे?” वन्संनी फटीतून विचारलं.

“एका माणसाची खुर्ची काढायला.”

“थांब,” त्या म्हणाल्या, “चष्मा विसरलीस.” आणि चष्मा आणून दिला. ‘पदवीधर’ म्हणाल्या नाहीत.

तुमचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. दाराशी जावईबापूंचं टेबल, मधल्या टेबलावर तुमची मुलगी कामाच्या वेळा लिहून घेत असलेली, आणि अगदी कोपऱ्यात, एवढ्याशा खुर्चीत तुम्ही. पाय लांब केलेले, गुडघ्यांना अजून त्या चपलांच्या गाद्या बांधलेल्या. त्या बघून माझं डोकंच फिरलं.

“या आजी, बसा,” जावईबापू म्हणाले.

“मी तुमची आजी नाही. माझा फॉर्म काढा.”

त्यांनी काढला. “हे बघा, तुम्हीच लिहिलंय. रेघ गेली का? नाही.”

“उलटा तो.”

“मागे काय आहे?”

“मागे चार पानं आहेत!”

“फॉर्मच्या मागे कुणी लिहीत नाही, मावशी.”

“आणि लिहिलं तर कुणी वाचत नाही. तुमचा प्रश्नच चुकीचा आहे. ‘पूर्ण गेली का’ असं विचाराल तर खरं बोलणारा प्रत्येक माणूस नाही म्हणेल आणि खोटं बोलणारा हो. मग तुम्ही कुणाला ठेवणार आणि कुणाला बसवणार?”

“मामांनी खरं बोलू नये असं माझं म्हणणं नाही,” ते बिचारे कपाळ पुसत म्हणाले. “पण सही झाल्यावर बोलावं ना! आधीच कशाला?”

तेवढ्यात कोपऱ्यातला फोन वाजला, आणि आम्ही तिघेही ऐकायला लागलो.

“नमस्कार, रेघ पूर्ण जाणार नाही, बोला... कुठे आहे? दाराखाली? मग दार बंद कोण ठेवतं?... सासूबाई? का?... नाही, नाही, हत्ती कशाला पाठवू? उगाच तुमचा एक दिवस जाईल. आधी सासूबाईंना बाहेर काढा. काढा म्हणजे तसं नव्हे हो! चहाला बोलवा... हो, हो. नको, काही पाठवत नाही. बरं, ठेवतो.”

जावईबापूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

“सकाळपासून कितवा?” मी विचारलं.

तुमच्या मुलीने वहीतून डोकं वर न काढता सांगितलं, “सहावा. काल आठ होते.”

“जमिनीवर असताना हे दिवसाला फार तर एक घर घालवत होते,” मी म्हटलं. “कारण तेवढ्याच घरात जाऊ शकत होते. तुम्ही यांना सगळ्या गावाशी जोडून दिलंत.”

जावईबापूंनी तुमच्याकडे बघितलं. तुमच्या मुलीकडे बघितलं. ती वहीत खाली मान घालून हसत होती, आणि लपवायचा प्रयत्नही करत नव्हती. “मामा,” ते म्हणाले, “उद्या सकाळी हत्ती घ्या.”

“फोन ठेवू का मग?” तुम्ही विचारलंत, आणि उत्तराची वाट न बघता ठेवलात. वाजत होता तरी.

फॉर्मचा दुसरा प्रश्न मी तिथेच बसून बदलून दिला. रेघ किती गेली? पूर्ण, बरीच, थोडी. आणि खाली ठळक अक्षरांत, ‘मागील बाजू पाहा.’ तो फॉर्म आजही चालतो म्हणे. ‘रेघमास्तर’ हे नावही त्याच दिवशी पडलं, मीच ठेवलं, आणि गिऱ्हाइकं ते नाव घेऊन फोन करायला लागली. “आम्हाला ते खरं सांगणारेच पाठवा,” असं सांगायची. जावईबापूंनी पुढे ते पत्रकातही छापलं, जणू त्यांचीच कल्पना. असो. मी मर्यादा सांभाळते आहे.

त्यानंतर नऊ वर्षं तुम्ही दरसाल येत राहिलात. दर वेळी वन्संच्या दारापाशी ओणवे होऊन कागदाची पट्टी धरायचात. ती दर वर्षी थोडी कमी हलायची.

“वीट सरकलीय,” दुसऱ्या वर्षी म्हणालात. चार बोटांची फट वीतभर झाली होती.

“केर काढताना सरकली असेल,” वन्सं म्हणाल्या. वन्सं कधी केर काढत नाहीत.

चौथ्या वर्षी दार अर्धं उघडं. मी रेडिओ लावते तो आता हळू लावावा लागतो, कारण बातम्या सांगणाऱ्याच्या चुका वन्सं आतून दुरुस्त करतात आणि मला दोघांचं ऐकायचं असतं. भांडतो आम्ही अजूनही, रोज. पण उघड्या दारातून भांडायला आवाज चढवावा लागत नाही, त्यामुळे जास्त वेळ भांडता येतं.

आणि रंधा? तो दर वर्षी ‘येत्या सुट्टीला’ येणार होता. पहिल्या वर्षी तो तुमच्या साडूने मागून नेला होता. मग त्याचं पातं धार लावायला टाकलेलं होतं. मग तुमचा गुडघा. मग पातं मिळालं, पण साडू रुसला. वन्सं प्रत्येक वेळी विचारायच्या, “तासणार आहात ना हो दार? म्हणजे मला लावून घेता येईल.” तुम्ही म्हणायचात, “अगदी पक्कं. तोपर्यंत वीट असू द्या.” मी चहा करायला आत निघून जायची. त्या विषयात मी एकदाही तोंड घातलं नाही. तुम्ही मला ओळखता, तेव्हा हे माझ्यासाठी सोपं नव्हतं, हेही ओळखाल.

आता डॉक्टरांनी तुम्हाला दोन्ही गुडघे नवे बसवून दिलेत आणि वर सांगितलंय की वाकायचं नाही. नवे गुडघे आणि वापरायचे नाहीत, यावर तुम्ही काय म्हणालात ते मुलीने मला सांगितलं आहे, पण ते पुस्तिकेत छापता येणार नाही. बोलता बोलता मी तिला साडूबद्दल विचारलं. ती म्हणाली, “कुठला साडू? बाबांना साडू नाही. रंधा कपाटावर आहे, वर्षानुवर्षं तिथेच. धार लावून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलाय.”

तर ते असं.

आता दार काढून टेबलावर आडवं ठेवलं की उभ्याने रंधा मारता येतो, वाकावं लागत नाही, हे मला कळतं, आणि तुम्हालाही कळत असणार. आता सगळेच दिवस सुट्टीचे.

परवा वन्सं विटेचा अभ्रा बदलत बसल्या होत्या. हा तिसरा. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, “तो तुझा मास्तर निवृत्त झाला म्हणे. मग दाराचं काय? येणार होता ना रंधा घेऊन?”

मी म्हटलं, “येतील की. येत्या सुट्टीला.”